गठ्ठा बांधला कोणी?

मुसलमानाचे मत मशिदीत ठरते आणि गठ्ठ्याने पडते, हा आरोप आता साताऱ्यातल्या औंध-खटावकडेही छातीठोकपणे केला जातो. 2024 च्या निवडणुकांत त्याला ‘व्होट जिहाद’ हे नावही मिळाले. आरोप खोटा आहे, आणि घातकही.

मुसलमानांचे मत वेगळे काढून बांधले ते धर्मग्रंथाने नव्हे, 1909 च्या ब्रिटिश कायद्याने. स्वतंत्र मतदारसंघ तिथून आले. याउलट औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 साली गांधीजींच्या सल्ल्याने रयतेकडे सत्ता सोपवली, तेव्हा तिचा पाया धर्म नव्हे, गावपंचायत होता.

आजचा दाखला हवा तर कोल्हापूरकडचा कागल मतदारसंघ पाहा. बहुसंख्य मतदार हिंदू. तरी हसन मुश्रीफ 1999 पासून सलग सहा वेळा निवडून आले. शरद पवारांबरोबर असताना आले, अजित पवारांमागोमाग भाजपचा वाटा असलेल्या सरकारात गेल्यावरही आले. यात फतवा कुठे बसतो?

आणि ‘मुसलमान’ म्हणजे तरी कोण? शिकलगार, मुलाणी, अत्तार, बागवान, पिंजारी: प्रत्येकाचा धंदा वेगळा, अडचण वेगळी. मुलाणी तर गावगाड्यातला बलुतेदार. कडेगावच्या मोहरमात उंच ताबुतांच्या भेटी होतात, त्यात हिंदू घराण्यांचेही मान आहेत.

आरोपात एक अंश खरा आहे, तो नाकारू नये. समाजाच्या नावाने परस्पर सौदे करणारे पुढारी आणि मौलवी आहेत. पण त्यांना आव्हानही समाजातूनच मिळाले: समाजसुधारक हमीद दलवाईंनी 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा तोंडी तलाकाविरुद्ध काढला. समाज एकमुखी असता तर त्या सातजणी रस्त्यावर आल्याच नसत्या. पण सौदे करणारा ठेकेदार म्हणतो समाज माझ्या मुठीत, आणि गठ्ठ्याचा आरोप करणारा त्यालाच दुजोरा देतो.

समाजाला असा गठ्ठा मानण्याची किंमत औंधजवळच्या पुसेसावळीने मोजली. 10 सप्टेंबर 2023 च्या रात्री समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून जमाव मशिदीवर चालून गेला. एका तरुणाचा जीव गेला. एखाद्याच्या नावावरच्या मजकुराची शिक्षा मशिदीत बसलेल्या सगळ्यांना! माणसांना गठ्ठा मानले की हेच होते.

म्हणून उमेदवारांना सांगणे आहे: मशिदीच्या दारात हात जोडून परत फिरू नका. शिकलगाराच्या, मुलाण्याच्या घरी जा, तिथल्या बायकांशीही बोला, आणि शाळा, पाणी, रोजगाराचा हिशेब द्या. मुस्लिम मतदारांनो, तुमच्या वतीने शब्द देणाऱ्याला आधी विचारा, हा अधिकार तुला दिला कोणी?