ढकलण्याआधी माणसाचे ऐका



कनेरगाव नाक्यावर मी एसटीची वाट पाहत उभा असतो. एक गाडी वाशिमकडे जाते, दुसरी हिंगोलीकडे. कुणी कुणाला कागद विचारत नाही. १९४८ पर्यंत मात्र या भागातून दोन राज्यांची हद्द जात होती. हिंगोलीकडचा मुलूख निजामाचा, वाशिमकडचे वऱ्हाड आधी इंग्रजांच्या, मग भारताच्या कारभाराखाली. निजामाचे करोडगिरी खाते हद्दीवर मालाची जकात घेई.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. वरच्या पातळीवर बोलणी चालूच राहिली, आणि इकडे रझाकारांच्या भीतीने मराठवाड्यातली कुटुंबे हद्द ओलांडून आसरा शोधत होती. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यातल्या अनेक मुस्लिम घरांवर तीच वेळ आली. पंडित सुंदरलाल समितीने ते हाल नोंदवले आहेत. घर सोडणारा आधी एका धर्माचा होता, नंतर दुसऱ्या. करार दोघांच्याही कामी आला नाही.

आज हे आठवायचे कारण बांगलादेशची सीमा. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही जणांना बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकलले गेले. ते भारतीय निघाले. मग दोन्ही सीमा दलांत बोलणे होऊन त्यांना परत आणावे लागले. ऑगस्टमध्ये बीएसएफ आणि बीजीबीच्या महासंचालकांची ढाक्यात बैठक झाली, तिथेही हा विषय निघाला.

बेकायदा प्रवेश रोखण्याचा सरकारला अधिकार आहे, याबद्दल माझा वाद नाही. पण कोण कुठल्या देशाचा, हे भाषेवरून, दाढीवरून किंवा लुंगीवरून ठरत नाही. ज्याला परत पाठवायचे त्याचे नागरिकत्व त्याच्या देशाने लेखी मान्य करावे आणि त्याआधी त्याचे म्हणणे ऐकले जावे. दोन्ही सरकारांच्या बोलण्यात हा मुद्दा पहिला हवा. संविधानाचे कलम २१ नागरिकापुरते नाही, 'कोणत्याही व्यक्ती'साठी आहे. म्हणजे परक्या देशाच्या माणसासाठीसुद्धा.

आपल्या गावातली माणसे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला परमुलखात जातात. तिथे त्यांना कुणी 'तुम्ही इथले नाही' म्हणून गाडीत कोंबले तर आपल्याला काय वाटेल? मग आपल्या शहरात बांधकामावर आलेल्या बंगाली मजुराकडेही त्याच नजरेने पाहा. त्याला उचलले तर त्याच्या घरी फोन करा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवा. अटकेतल्या माणसाला तिथून मोफत वकील मिळू शकतो. व्हॉट्सॲपवर फिरणारा त्याचा फोटो मात्र पुढे पाठवू नका.

आपल्या नाक्यावरची हद्द पुसली गेली. ती होती तेव्हा काय भोगले, हे घरातल्या म्हाताऱ्यांकडून एकदा विचारून घ्या.