रोषाचा बाजार

1 जून 2018 रोजी अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईचा 5-0 असा पराभव केला, तेव्हा प्रेक्षक होते जेमतेम अडीच हजार. कर्णधार सुनील छेत्री याने ट्विटरवरून हात जोडले : शिव्या द्यावयाच्या तर मैदानावर येऊन द्या. 4 जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सर्व तिकिटे खपली. भर पावसात लोक बसून राहिले.

म्हणजे माध्यम मुळात दुष्ट नाही. प्रश्न त्याच्या मालकीचा आहे. बदनापूरसारख्या गावातील एखादा तरुण मँचेस्टरच्या संघासाठी रात्र जागवतो आणि कधीही न भेटलेल्या लिव्हरपूलवाल्याशी हमरीतुमरीवर येतो. त्याचा प्रत्येक अपशब्द हा मालकांचा कच्चा माल होय. रोष जितका पेटेल, तितका वेळ तो पडद्यासमोर खिळेल आणि तितक्या जाहिराती विकल्या जातील. जुलै 2021 मध्ये युरो चषकाच्या अंतिम सामन्यात पेनल्टी हुकलेल्या तीन कृष्णवर्णीय इंग्लिश खेळाडूंवर वर्णद्वेषाची गरळ ओकली गेली, ती याच बाजारात.

परंतु त्याच वर्षी एप्रिलमध्ये बारा धनाढ्य क्लबांनी आपली बंदिस्त ‘सुपर लीग’ जाहीर केली, तेव्हा एकमेकांचे हाडवैरी चाहते एका बाजूला आले. चेल्सीच्या मैदानाबाहेर त्यांनी खुद्द आपल्याच संघाची बस अडवली. दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली.