श्रवण आणि मनन

विद्या प्रथम कानांनीं घ्यावयाची असते, ही गोष्ट आपल्या परंपरेस नवी नाहीं. गुरुमुखांतून संथा घ्यावी, तशीच म्हणावी आणि क्रम, जटा, घन अशा पाठांनीं ती दृढ करावी, ही वेदाध्ययनाची रीत फार जुनी आहे. म्हणून विद्यापीठांतील अध्यापक आपलीं व्याख्यानें 'पॉडकास्ट'च्या रूपानें विद्यार्थ्यांच्या हातीं देऊं लागले आहेत, याचें नवल वाटण्यापेक्षां समाधानच वाटावें.

पॉडकास्ट म्हणजे ध्वनिमुद्रित भाषणांची माला. ती मोबाइलवर घ्यावी आणि सवडीनें ऐकावी. हा शब्दच मुळीं २००४ सालचा. त्याच वर्षीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठानें सुमारें १६०० नवागत विद्यार्थ्यांस आयपॉड देऊन एक प्रयोग आरंभिला. त्यापूर्वीं, १९७१ मध्यें, ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठानें बी.बी.सी.वरून पाठ सुरू केले होते. परंतु प्रसारणाची वेळ चुकली, कीं पाठ बुडाला. आतां ती अडचण उरली नाहीं. न समजलेलें वाक्य दहा वेळां ऐकलें, तरी हा गुरु कंटाळत नाहीं.

आमच्या नाशकांत या साधनाचें महत्त्व विशेष आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्यें येथेंच स्थापन झालें. 'ज्ञानगंगा घरोघरी' हें त्याचें ब्रीद. नोकरी करणारा तरुण, लग्नामुळें शिक्षण सुटलेली गृहिणी, अशांस या विद्यापीठाचा मोठाच आधार. सातपूरच्या कारखान्यांतून बसनें घरीं परतणाऱ्यास वाटेंत दहा मिनिटांचा पाठ सहज ऐकतां येईल.

मात्र आपल्या शास्त्रकारांनीं श्रवणापुढें मनन आणि निदिध्यासन सांगितलें आहे, तें विसरून चालणार नाहीं. अध्यापकांनीं तासाचें व्याख्यान जसेंच्या तसें मुद्रित करूं नये. एका पाठांत एकच मुद्दा मांडावा व शेवटीं एक प्रश्न विचारावा. विद्यार्थ्यानें तेथें थांबून आपल्या शब्दांत चार ओळी लिहाव्या, पुस्तक उघडावें आणि शंका अभ्यासकेंद्रांत जाऊन विचाराव्या. कारण यंत्र बोलतें, पण आपलें ऐकून घेत नाहीं.

आतां घरांतील वडीलधाऱ्यांस दोन शब्द. सून पदवीच्या परीक्षेस बसली असतां, "पोळ्या लाटतांना ऐकतेच आहे, निराळा वेळ कशाला?" असें म्हणावयाची सोय या साधनानें होण्याचें भय आहे. पोळ्या लाटतांना ऐकलेलें अर्थशास्त्र हें श्रवण झालें, मनन नव्हे. मुलाच्या अभ्यासाच्या वेळीं आपण दूरदर्शनचा आवाज बंद करतों. तोच मान सुनेच्या अभ्यासासही द्यावा. रोज एक तास तिला स्वस्थ बसूं द्यावें, आणि त्या वेळचा चहा घरांतील दुसऱ्या कोणीं करावा. एवढें झालें, तरच ज्ञानगंगा आपल्या घरीं खरोखर पोंचली असें म्हणतां येईल.