परदेशी पाहुण्यांनो, यवतमाळला येताय?

भारतात येणाऱ्या परदेशी प्रवाशांसाठी लिहिलेली मार्गदर्शक पुस्तके चाळली तर एक गंमत लक्षात येते. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचा हा अवाढव्य देश ती एकाच चिमटीत पकडू पाहतात. पाणी उकळून प्या, डाव्या हाताने जेवू नका, देवळात जोडे काढा, रिक्षाचे भाडे आधी ठरवून घ्या. यात चुकीचे काहीच नाही. पण हा सारा उपदेश दिल्ली-आग्रा-जयपूर या ठरलेल्या वाटेवरच्या प्रवाशाला समोर ठेवून केलेला असतो. त्या वाटेवर यवतमाळ कुठेच नाही. मग चुकूनमाकून, किंवा ठरवूनही, कोणी इकडे आलाच तर त्याला आपण काय सांगणार?

प्रश्न अगदीच हवेतला नाही. पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य उणेपुरे १४८ चौरस किलोमीटरचे. पण तिथल्या वाघांनी जिल्ह्याचे नाव दूरवर नेले. टिपेश्वरात जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये घर शोधत निघाला. विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणातील शेतशिवारे तुडवीत तो डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यातल्या पट्ट्याने त्याची तीन हजार किलोमीटरहून अधिक चाल नोंदवली आणि जगभरच्या वन्यजीवप्रेमींनी ती कौतुकाने वाचली. असा वाघ जिथे जन्मतो ते जंगल पाहावे, असे कोणा परदेशी माणसाला वाटले तर नवल नाही.

पहिला सल्ला नकाशाचा. टिपेश्वर यवतमाळ जिल्ह्यात असले तरी त्यासाठी यवतमाळ शहरात येण्याची गरज नाही. नागपूरच्या विमानतळावर उतरून हैदराबादच्या महामार्गाला लागले की पांढरकवडा वाटेवरच लागते. पावसाळ्यात अभयारण्य बंद असते, हेही निघण्यापूर्वी कळलेले बरे. जुन्या इंग्रजी नकाशात 'यवतमाळ' शोधू नये, तिथे 'योटमाळ' असे काहीतरी सापडेल. आणि त्याहून जुना नकाशा असेल तर जिल्ह्याचे नाव 'वूण', म्हणजे आपले वणी. १९०५ पर्यंत तेच चालत होते.

दुसरा सल्ला आगगाडीचा, आणि तो देताना जीभ जराशी अडखळते. आगगाड्यांचे वेड असलेले परदेशी लोक आजही 'शकुंतले'ची चौकशी करतात. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर, रूळांमधले अंतर अवघे अडीच फूट. वऱ्हाडातला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरच्या गिरण्यांकडे धाडायला ही गाडी गोऱ्या कंपनीने घातली. १९२१ साली मँचेस्टरमध्येच तयार झालेले वाफेचे इंजिन तिने १९९४ पर्यंत वापरले. त्या पाहुण्याला सांगावे लागते की बाबा रे, ती गाडी आता बंद आहे. ब्रॉडगेजच्या घोषणा झाल्या, शकुंतला बचावची आंदोलने झाली, रुळांमध्ये बाभळी वाढल्या. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गावरची गाडी फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत आली, तेव्हा लोकांनी तिचे स्वागत केले. पण मधल्या काळात एका पिढीने धामणगाव किंवा वर्धा गाठूनच रेल्वे पाहिली. परदेशी माणसाला हा एक दिवसाचा हिरमोड. पुण्याला शिकायला जाणाऱ्या दारव्ह्याच्या मुलीची ती नेहमीची पायपीट आहे.

आता एस. टी. आमची एस. टी. जवळजवळ कुठेही नेते, फक्त ती कुठे नेते हे देवनागरीत लिहिलेले असते. तेव्हा जिथे जायचे त्या गावाचे नाव एका चिठ्ठीवर मराठीत लिहून घ्यावे आणि ती चिठ्ठी वाहकाच्या हाती द्यावी. वाहक ती वाचेल, सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात गाव पुकारेल आणि मग पाहुण्याला उतरवण्याची जबाबदारी निम्मी गाडी घेईल. मात्र पायी जाताना रस्ता विचारला आणि 'हे काय, इथंच आहे' असे उत्तर मिळाले, तर पाण्याची बाटली भरून घ्यावी. इथले 'इथंच' तीन किलोमीटरचेही असू शकते. यात फसवणूक नसते. पाहुण्याला 'लांब आहे' म्हणून नाउमेद करणे आपल्याकडे वाईट समजतात, एवढेच.

मुक्कामाचे मात्र अवघड आहे. परदेशी माणूस लॉजवर उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. वर्षानुवर्षे 'सी फॉर्म' म्हणून ओळखले जाणारे हे काम आता संगणकावर होते. मोठ्या शहरांतल्या हॉटेलांना त्याची सवय असते. तालुक्याच्या गावातला लॉजवाला मात्र पासपोर्ट पाहूनच धास्तावतो आणि 'खोली नाही' म्हणून मोकळा होतो. म्हणून निघण्यापूर्वी फोन करून 'परदेशी माणसाला ठेवता का?' हे स्पष्ट विचारावे. पर्यटन वाढवण्याची भाषणे अलीकडे बरीच ऐकू येतात. जिल्ह्यातल्या लॉजवाल्यांना एका दुपारी बसवून हा अर्ज भरायला शिकवले, तर त्या भाषणांपेक्षा अधिक काम होईल.

पाण्याबद्दल ती पुस्तके म्हणतात, उकळून प्या. जंतूंसाठी ठीक. पण आपल्या जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या बोअरवेलमध्ये फ्लोराइड आहे आणि ते उकळून जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढतेच. आठ दिवसांच्या पाहुण्याला त्याची बाधा होणार नाही. तो बाटली विकत घेईल आणि निघून जाईल. दात पिवळे पडतात, गुडघे आखडतात ते इथेच राहणाऱ्यांचे. २०१८ च्या उन्हाळ्यात तर निळोणा आणि चापडोह ही धरणे आटली आणि खुद्द यवतमाळ शहर टँकरच्या मागे धावले. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा कोणी येऊच नये हे उत्तम. वाघ मात्र त्याच दिवसांत पाणवठ्यावर दिसतो, ही त्यातली मेख.

भाषेचा घोळ विचारू नका. पुसद-दिग्रसकडे तांड्यांवर गोरमाटी, केळापूर-झरीच्या पोडांवर कोलामी, कुठे गोंडी, सीमेकडे तेलुगू, बाजारात हिंदी-उर्दू आणि सगळ्यांवर वऱ्हाडीचा साज. इंग्रजीने काम भागेलच असे नाही. पण माणसे बोलतात. गाव कोणते, लेकरे किती, लग्न का नाही केले, पगार किती, असे प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतील. परदेशी माणसाला हा आगाऊपणा वाटतो. तो इथला नमस्कारच आहे. उत्तर द्यावे आणि उलट तेच प्रश्न विचारावेत. यवतमाळला गोरी माणसे नवी नाहीत. अमेरिकन मिशनरी इथे पिढ्यानपिढ्या राहिले, १९५३ मध्ये सुरू झालेली त्यांची सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली. त्या जुन्या मंडळींची पहिली शिकवणी मराठीची असे. आजच्या पाहुण्याने निदान 'पुरे' हा शब्द शिकून यावा. तो माहीत नसेल तर ताटातली भाकरी संपणार नाही.

एक विषय मात्र पाहुण्याने जपून काढावा. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटीच्या जंगलात अवनी नावाने गाजलेली टी-१ वाघीण गोळी घालून मारली गेली. देशात आणि परदेशात निषेध झाला, आणि ती ज्या पद्धतीने मारली त्याबद्दलचे आक्षेप बिनबुडाचे नव्हते. पण तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता, आणि त्या परिसरातली माणसे दोन वर्षे शेतात जायला भीत होती. त्यांना 'तुम्ही वाघीण का मारली?' असे विचारण्याआधी, कापूस वेचायला कोण जात होते हे विचारावे.

आणि जे वाघासाठी येत नाहीत, त्यांचे काय? गेली वीस-पंचवीस वर्षे परदेशी पत्रकार, अभ्यासक, चित्रपटवाले इथे आले ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले, तिथून ही कहाणी सांगितली जाते. २००८ मध्ये जळक्याच्या कलावतीबाईंचे नाव लोकसभेत उच्चारले गेले आणि कॅमेऱ्यांची रीघ लागली. २०१७ मध्ये कीटकनाशकांची फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. पुढे इथल्या काही कुटुंबांनी थेट स्वित्झर्लंडमध्ये दाद मागितली. तेव्हा परदेशी माणूस या घरांत आला तर त्याचा उपयोग होऊ शकतो, हे नाकारता येत नाही.

पण त्याने कसे यावे? गावातल्या ओळखीच्या माणसाबरोबर यावे, शक्यतो बाईबरोबर. दिवस मजुरीचा असेल तर संध्याकाळी यावे, कारण तुमच्या मुलाखतीसाठी तिचा रोज बुडतो. फोटो आधी विचारून काढावा आणि भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरीखाली तिला उभे राहायला सांगू नये. तेच ते प्रश्न तिला दहाव्यांदा विचारले जात आहेत, हे ध्यानात ठेवावे. हातात नोट कोंबू नये. चहा दिला तर तो प्यावा. आणि जे लिहाल, छापाल, दाखवाल त्याची प्रत तिच्याकडे परत पाठवावी. हे शेवटचे फारच थोड्यांनी केले असावे.

या बाया केवळ चित्र काढून घेण्यासाठी नाहीत, हे यवतमाळने एकदा पाहिले आहे. जानेवारी २०१९ मध्ये इथे झालेल्या ९२ व्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाचे निमंत्रण नयनतारा सहगल यांना देऊन मागे घेतले गेले. पाहुणचाराचा अभिमान सांगणाऱ्या जिल्ह्याला ते शोभले नाही. मग उद्घाटन केले ते कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने. त्या दिवशी त्यांना कोणी प्रश्न विचारत नव्हते. त्या बोलत होत्या आणि मांडवातले सारे साहित्यिक ऐकत होते.

यायचेच असेल तर नोव्हेंबरात यावे. ऊन उतरलेले असते, शिवारे पांढरी झालेली असतात आणि वेचणीच्या बाया सकाळीच ओटी बांधून शेतात उतरलेल्या असतात. बांधावर उभे राहायला कोणी मनाई करीत नाही. दुपारी त्या जेवायला बसल्या की हाक येईलच. शिदोरीतली भाकरी पुढे केली तर दोन्ही हातांनी घ्यावी, ठेचा मात्र बेताने.