अम्मीचा केस पेपर आणि क्वांटम संगणक

मागच्या महिन्यात अम्मीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो होतो. केस पेपरच्या खिडकीशी क्यूआर कोड होता. मोबाईलवर स्कॅन केला, आभा क्रमांक दिला, टोकन आले. अर्ध्या तासाची रांग पाच मिनिटांत संपली, अम्मी खूश. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझ्या डोक्यात भलताच प्रश्न: ही नोंद किती वर्षे गुप्त राहायला हवी?

ओटीपीचे गुपित दहा मिनिटांचे. एटीएम कार्ड हरवले तर नवीन मिळते. टीबी, एचआयव्ही, मानसिक आजार यांची नोंद अशी बदलून मिळत नाही. थॅलेसेमियाची तर मुलांपर्यंत पोचते. आज सहा वर्षांच्या असलेल्या मुलीची फाईल तिच्या लग्नात, नोकरीत, विम्यात आड येऊ नये असे वाटत असेल तर ती साठ-सत्तर वर्षे झाकलेली राहिली पाहिजे.

आता कुलपाकडे बघू. इंटरनेटवरची बरीच माहिती आज आरएसएसारख्या गणिताच्या भरवशावर बंद असते. प्रचंड मोठ्या संख्येचे अवयव पाडणे साध्या संगणकाला जवळपास अशक्य, एवढाच तो भरवसा. पुरेसा मोठा क्वांटम संगणक हे काम झटपट करेल, हे पीटर शोर यांनी 1994 मध्येच दाखवले. तसा संगणक अजून बनलेला नाही. पण चोराला त्याची वाट बघत बसायचे कारण नाही. बंद पेटी आज उचलायची, घरात ठेवायची, किल्ली मिळेल तेव्हा उघडायची.

आजाराची नोंद फुटली की काय होते ते आपल्याला वेगळे सांगायला नको. एप्रिल 2020 मध्ये तपासणीला नेलेल्या लोकांची एक यादी व्हॉट्सअॅपवर फिरली. त्यात माझ्या मामूंचे नाव, वय, गल्ली सगळे होते. रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी दूधवाला दोन महिने आमच्या दारात थांबला नाही. त्याच काळात आपल्याच जिल्ह्यात 29 विदेशी तबलिगींवर गुन्हे नोंदवले गेले. औरंगाबाद खंडपीठाने 21 ऑगस्ट 2020 रोजी ते रद्द केले, निकालात बळीच्या बकऱ्याचा उल्लेखही आला. निकाल आला तरी ती यादी कुणाच्या तरी फोनमध्ये अजून असेलच.

मामूंची यादी फुटायला क्वांटम लागले नव्हते, हे मला मान्य आहे. एक मित्र तर सरळ म्हणाला, "2021 मध्ये आपल्या सिव्हिलच्या कोविड आयसीयूत आग लागून किमान 11 माणसे गेली, आणि तू कुलपांचे काय घेऊन बसलास?" त्याचा राग खरा आहे. पण तो आयसीयूही नवाच बांधलेला होता. सुरक्षा मागाहून बसवायची नसते, हे मी त्या 6 नोव्हेंबरलाच शिकलो.

केंद्राने 2023 मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला 6,003 कोटी रुपये मंजूर केले. क्वांटमला टिकतील अशा कुलपांची पहिली तीन मानके अमेरिकेच्या निस्ट संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर केली, आणि ती कुणालाही वापरता येतात. म्हणजे कुलपे तयार आहेत. आरोग्य खात्याने, महापालिकेने, जिल्हा परिषदेने दवाखान्याच्या सॉफ्टवेअरची निविदा काढताना एवढे लिहावे: कुलूप पुढे बदलता आले पाहिजे, आणि कोणती नोंद किती वर्षांनी पुसणार ते आधी सांगा. 2023 चा डेटा संरक्षण कायदा हलगर्जीपणाला 250 कोटींपर्यंत दंड लावतो, पण दंडाने फुटलेली फाईल परत झाकली जात नाही. आणखी एक, माझ्या मते सगळ्यात स्वस्त उपाय: गरज नसलेली माहिती मागूच नका. साथीच्या आकड्यांत जमातीचा वेगळा रकाना कशाला लागतो?

तुमच्यापैकी कितीतरी जण बीसीए, डिप्लोमा, इंजिनिअरिंग करताय. उद्या हीच सॉफ्टवेअर तुम्ही लिहाल, किंवा माहितीच्या अधिकारात हे प्रश्न विचाराल. दोन्हींची गरज आहे.

अम्मीचे आभा कार्ड मी बंद केलेले नाही. तिचे गुडघे दुखतात, रांग वाचते. फक्त तिची एक जुनी फाईल त्याला अजून जोडलेली नाही. कसली ते इथेही लिहीत नाही. ती कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत आहे.