रोजा समजून घेताना

रमजानचा महिना लागला की बाजारात खजुराच्या राशी दिसायला लागतात, संध्याकाळी भज्यांच्या गाड्यांवर गर्दी होते आणि महिना सरला की शेजारून शीरखुर्म्याचा डबा येतो. एकाच गल्लीत वर्षानुवर्षं राहणाऱ्या आपल्याला त्या शीरखुर्म्याची चव बरोबर ठाऊक असते. पण त्याआधीचे २९ किंवा ३० दिवस ती शेजारीण कशी काढते, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक असतं?

आपला उपास म्हटला की साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी. रोज्याचं तसं नाही. पहाटे उजाडायच्या आत सहरीचं खाणं उरकायचं आणि सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. हरतालिकेला निर्जळी राहणाऱ्या मैत्रिणींना याची कल्पना येईल. फक्त इथे ते सलग महिनाभर असतं. आणि घरातल्या बाईला सगळ्यांच्या आधी, साडेतीन-चारलाच उठून चूल पेटवावी लागते. संध्याकाळच्या इफ्तारीचा स्वयंपाकही ती उपाशीपोटी, मीठ न चाखताच करते बऱ्याचदा.

हा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी कसा येतो, असंही अनेकजणी विचारतात. त्याचं उत्तर आपल्या पंचांगात आहे. आपलेही महिने चंद्रावरचेच. पण साधारण पावणेतीन वर्षांनी आपण अधिक महिना धरतो, म्हणून आपली दिवाळी थंडीच्या तोंडाशीच राहते. इस्लामी कालगणनेत अधिक महिना नाही. त्यामुळे २०१८ साली मे महिन्याच्या उन्हात सुरू झालेला रमजान २०२६ साली फेब्रुवारीत आला. सुमारे ३३ वर्षांत तो सगळे ऋतू फिरून येतो. मे महिन्यातला रोजा आपल्याकडे चौदा तासांहून मोठा असतो, हे लक्षात घ्या म्हणजे त्यातले कष्ट कळतील.

पण या नियमांत माणसाच्या अडचणींचा विचारही आहे. आजारी माणसाला आणि प्रवाशाला कुराणातच सवलत दिलेली आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला आपल्या किंवा बाळाच्या तब्येतीची काळजी वाटत असेल तर तीही रोजा पुढे ढकलू शकते. राहिलेले रोजे वर्षभरात केव्हाही भरून काढता येतात. वार्धक्यामुळे किंवा कायमच्या दुखण्यामुळे ज्यांना ते जमणारच नाही, त्यांनी रोज्याच्या बदल्यात गरिबाला जेवू घालायचं असतं. आशाताई आणि अंगणवाडी सेविकांनी हे जरूर माहीत करून घ्यावं. 'उपास सोडा' असं दरडावण्यापेक्षा 'तुम्हाला सवलत आहे, डॉक्टरांना विचारून ठरवा' असं सांगितलेलं बाई ऐकते. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळाही डॉक्टरांना विचारूनच बदलायच्या, आपल्या मनाने नाही.

आता खरा मुद्दा. पाळीच्या दिवसांत बाईने रोजा धरायचा नसतो. ते दिवस नंतर भरून काढायचे असतात. म्हणजे धार्मिक बाईचेसुद्धा महिन्यात पाच-सहा रोजे राहणारच. आणि नेमकं तेव्हाच बैठकीत, शाळेच्या फाटकाशी, चार पुरुषांच्या देखत आपण सहज विचारतो, "काय गं, आज रोजा नाही वाटतं?" ती बिचारी काय सांगणार? घरातसुद्धा सासऱ्या-दिरांसमोर अनेकजणी त्या दिवसांत चोरून खातात. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? सत्यनारायणाच्या पूजेला 'ती का नाही आली' या प्रश्नाने आपल्यालाही अवघडल्यासारखं होतंच ना! मग जे आपल्याला नको वाटतं, ते तिला कशाला विचारायचं?

बाकी फार काही करायची गरज नाही. तिच्यासमोर आपला डबा लपवून खायचं कारण नाही. मात्र एकदा 'नको' म्हटल्यावर चहाचा आग्रह करू नये. बचत गटाची बैठक त्या महिन्यात संध्याकाळी पाचला ठेवण्याऐवजी सकाळी अकराला ठेवली तर तिला इफ्तारीसाठी धावपळ करत उठावं लागणार नाही. इफ्तारीचं आमंत्रण आलं तर सूर्यास्ताच्या दहा मिनिटं आधी पोचावं, कारण तिथे मिनिटाला महत्त्व असतं. जाताना चार फळं न्यावीत.

मैत्रिणींनो, पहाटे उठून घरादाराचं करणं आणि आपलं दुखणं-खुपणं गिळून कामाला लागणं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तिच्याकडेही त्याच नजरेने बघू या. येत्या रमजानला तिला 'रमजान मुबारक' म्हणा, बैठकीची वेळ तिला विचारून ठरवा, आणि तो एक प्रश्न मात्र कृपा करून विचारू नका.