चिंगीला दात येतायत!

चपलेचा पट्टा कुरतडलेला, सोफ्याचा कोपरा ओला आणि तुमच्या मनगटावर सुईने टोचल्यासारखे ठिपके? घरात चार महिन्यांचं मांजराचं पिल्लू असेल तर त्याच्यावर ओरडू नका. बिचाऱ्याचे दात पडतायत!

हो, मांजरांचेही दुधाचे दात पडतात. २६ पडतात, ३० येतात. आधी पुढचे बारीक दात, मग सुळे आणि दाढा. सहा-सात महिन्यांपर्यंत हा कार्यक्रम चालतो. पडलेला दात सहसा सापडत नाही, खाण्याबरोबर पोटात जातो आणि त्याने काही होत नाही. आमच्या चिंगीचा मला एकच मिळाला, बेडशीटवर, तांदळाच्या कणीएवढा. पर्समध्ये जपून ठेवलाय. (हसा खुशाल!)

उपाय घरातलेच. सुती फडकं ओलं करून फ्रीजरमध्ये गार करायचं आणि चावायला द्यायचं, तेही आपल्या नजरेसमोर. धागे सुटायला लागले की सरळ कचऱ्यात. कोरडं कॅटफूड कोमट पाण्यात भिजवायचं. ती हात चावायला आली की हात न झटकता खेळणं पुढे करायचं. विजेच्या वायरी मात्र तिच्या वाटेतून हलवाच.

आणि लोकरीचा गुंडा? तो कॅलेंडरवरच्या मनीमाऊला शोभतो. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा थुंकता येत नाही. तो आतड्यात अडकला तर थेट ऑपरेशन.

पण खरी धडकी मला भरली ती शेजारच्या काकूंच्या प्रेमळ सल्ल्याने. ‘अगं, पॅरासिटॅमॉलचा चतकोर तुकडा दे दुधातून, बाळांना देतोच की आपण!’ काकू, प्लीज नको! मांजराच्या यकृताला हे औषध पचवता येत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडतं, ऑक्सिजन वाहून नेणं बंद होतं. माणसांची एक साधी गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते. चुकून पोटात गेलीच, तर ‘बघू सकाळी’ म्हणायचं नाही, त्याच मिनिटाला डॉक्टर. बाळांच्या हिरड्यांना लावायचं जेलही नकोच.

हिरड्या थोड्या लाल दिसणं, तोंडाला किंचित वास येणं नॉर्मल. दिवसभर खाणंच सोडलं, तर मात्र डॉक्टर गाठा.

सध्या चिंगीच्या वरच्या जबड्यात जुन्या सुळ्याशेजारी नवा सुळा उगवलाय. एकाच जागी दोघं भाडेकरू! काही दिवसांत जुना आपणहून पडतो. नाही पडला तर काढावा लागतो, कारण मध्ये अन्न अडकून हिरडी सडते. शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय.